मागाला काही झालं नव्हतं

आमच्या नागपूरच्या गोळीबार चौकातल्या चहाच्या टपरीवर हल्ली टीव्ही लावलाय. त्यावर जाळीच्या पिंजऱ्यात दोन माणसं एकमेकांना लाथा, बुक्क्या, कोपर, गुडघे, जे जमेल त्यानं बडवत असतात. मिक्स्ड मार्शल आर्ट म्हणतात त्याला. मी तरुणपणी बॉक्सिंग करायचो हे टपरीवरच्या मंडळींना माहीत आहे, त्यामुळे प्रश्न ठरलेला असतो. "काका, जास्त डेंजर काय असते? हे, का बॉक्सिंग, का बिना ग्लोव्हजची?"

मी टोपी काढतो आणि विचारणाऱ्याचं बोट धरून माझ्या उजव्या कानाच्या वर ठेवतो. तिथे केसांखाली दोन खळगे आहेत, चिंचोका बसेल एवढे. बोट लागलं की माणूस चहा विसरतो.

खरं उत्तर लांब आहे. ते टपरीवर सांगून होत नाही, म्हणून लिहून काढतोय. ज्यांचं डोकं दुखतं आणि जे घरी सांगत नाहीत, त्यांनी वाचलं तर बरं. मी यातून धडधाकट बाहेर आलो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच जीव टांगणीला लागायला नको.

तीन ठिकाणची विद्या

गोष्ट सत्तरच्या दशकातली. घरात दोन माग. एकावर बाबा, एकावर मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझी बायको कुसुम सुताच्या कांड्या भरायची, स्वयंपाक करायची आणि त्या वर्षी तिला दिवस गेले होते. आम्ही सुती लुगडी विणायचो आणि ती लुगडी गांधीबागेतल्या एका कापडाच्या शेठकडे जायची.

बसून बसून पाठ धरते म्हणून विणकरांची पोरं आखाड्यात जायची, तसा मीही गेलो. तिथे उस्तादांनी कुस्ती शिकवली. पुढे जरीपटका भागात एका रिकाम्या गोदामात एक निवृत्त फौजी मास्तर बॉक्सिंग शिकवतात असं कळलं आणि मी मातीतून उठून तिकडे पळालो. उस्ताद वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मते माणसाला ठोसा मारणं ही विद्याच नव्हे, ते भांडण. मास्तरांच्या मते कुस्ती म्हणजे दोन म्हशींची ढकलाढकल. दोघांचंही मला पटायचं, ज्याच्यासमोर उभा असेन त्याचं जरा जास्त.

तिसरी विद्या माझ्या मामेभावाची. गणपत कुही गावचा, धानाची शेती, मनगट माझ्या पोटरीएवढं. तो जत्रेतल्या उघड्या मुठीच्या लढती खेळायचा. हातमोजे नाहीत, गुरू नाही, कुणीतरी पडेपर्यंत चालायचं. गणपत मला नेहमी म्हणायचा, "तुमचं बॉक्सिंग म्हंजे उशीनं मारामारी आहे गा." मीही मनात म्हणायचो, बरोबर आहे, उशी आहे म्हणूनच आम्ही शहाणे.

सब चलेगा

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास एका तंबूवाल्यानं मैदानात तिकीट लावून खेळ ठेवला. बॉक्सर विरुद्ध पहिलवान. हातमोजे नाहीत. चावायचं नाही, डोळ्यात बोट घालायचं नाही, बाकी सब चलेगा. आजच्या पिंजऱ्याचा तो आजोबाच म्हणायचा. तंबूवाल्यानं बॉक्सर म्हणून मला उभं केलं आणि पहिलवान म्हणून नेमकं गणपतला. आम्ही मामेभाऊ-आतेभाऊ हे त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी आम्ही आमच्याच घरी एका ताटात झुणका-भाकर खाल्ली होती.

ठरलं होतं असं, की थोडा तमाशा करायचा आणि बरोबरीत सोडायचं. पण लोक ओरडायला लागले की ठरलेलं राहत नाही. मी पहिलाच ठोसा गणपतच्या कपाळावर हाणला आणि माझ्याच बोटाच्या हाडातून कळ कोपरापर्यंत गेली. तेव्हा कळलं की उघड्या मुठीला डोकं म्हणजे दगड आहे. गणपत हसला. मग त्यानं दोन गुद्दे माझ्या उजव्या कानाच्या वर दिले, कमरेत हात घातला आणि मला उचलून गादीवर टाकलं. मी गादी थोपटली, म्हणजे हरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही घरी येऊन पुन्हा एकत्र जेवलो आणि माझ्या सुजलेल्या बोटावर कुसुमनं हळद लावली.

डोक्याला काहीही झालं नाही. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मस्त झोप लागली. मी परत मास्तरांकडे जायला लागलो, हातमोजे घालून रोज ठोसे द्यायला आणि खायला लागलो.

ऊन लागलं

फाल्गुनात डोकं दुखायला लागलं. आधी सकाळी उठल्यावर, मग दिवसभर. नागपुरात फाल्गुन-चैत्रात डोकं दुखलं की निदान तयार असतं: ऊन लागलं. मलाही तेच झालं म्हणून सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. खिशात कांदा ठेवला. कैरीचं पन्हं प्यालो. आखाड्यात उस्तादांनी जुना राग विसरून तेल घातलं आणि दोन्ही हातांनी डोकं असं रगडलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "गर्मी चढली हाय," ते म्हणाले. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मी झोपाळू झालो. जेवताना घास हातात धरून बसायचो. कुसुम काही विचारायची, मी उत्तर द्यायचो, पण ते यायला वेळ लागायचा. बाबांना वाटलं, लग्न झालं, आता लेकरू येणार, पोरगा जबाबदारीनं गंभीर झाला. त्यांना बरंच वाटलं असणार.

मग शेठनं लुगडं परत पाठवलं. परत म्हणजे मी स्वतः गेलो होतो, माझ्यासमोर त्यानं ते उजेडाकडे धरलं आणि पलीकडचा रस्ता बघितला. "अरे भाई, साडी मंगाई थी, तू मच्छरदानी ले आया!" दुकानातली सगळी माणसं हसली. मीही हसलो. त्या दिवसांत हसताना माझ्या तोंडाची एक बाजू मागे राहायची, हे मला नंतर कुसुमनं सांगितलं.

कापड विरळ येत होतं. आमच्या मागावर उजव्या हातानं दोरी ओढायची, की धोटा इकडून तिकडे पळतो, आणि डाव्या हातानं हत्या, म्हणजे फणी बसवलेली लाकडी चौकट, ओढून आडवा धागा ठोकून बसवायचा. ठोका नीट बसला तर कापड घट्ट. नाही बसला तर मच्छरदानी.

आता कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, विणणाऱ्याच्या डाव्या हाताकडे बघा. पण आम्ही विणकर. कापड बिघडलं की आमची नजर पहिल्यांदा मागाकडे जाते, माणसाकडे जायला फार वेळ लागतो. बाबांनी हत्याच्या दोऱ्या बदलल्या. कापड विरळच. त्यांनी फणी बदलली. विरळच. मग त्यांनी शेजारच्या सुताराला बोलावून अख्खा माग खोलला, खुंट्या ठोकल्या, लाकडाला तेल पाजलं, आणि हे सगळं करताना मागाला अशा शिव्या दिल्या की कुसुम पदर तोंडाला लावून आत गेली. माग बाबांच्या वडिलांनी बसवलेला. म्हणजे शिव्या कुठपर्यंत पोचल्या असतील ते समजून घ्या.

मी खाटेवर पडून हे बघत होतो आणि मनातून मलाही खात्री होती की दोष मागाचाच आहे.

कुसुम मागावर बसली

एका दुपारी बाबा सूत आणायला गेले आणि कुसुम माझ्या मागाच्या खड्ड्यात, विणकर पाय सोडून बसतो तिथे, उतरून बसली. सहा महिन्यांची पोटुशी. आमच्याकडे बायका कांड्या भरत, ताणा लावायला हात देत, पण मागावर पुरुषच बसायचा. ती माहेरी भावांचं बघून शिकली होती. तिनं दोरी ओढली, हत्या ओढला. ठक, ठक, ठक. त्या आवाजानं मला जाग आली. असा आवाज माझ्या मागातून कित्येक दिवसांत आला नव्हता.

बाबा परत आले तेव्हा वीतभर कापड विणून झालं होतं. त्यांनी सुनेला मागावर बघितलं आणि दारातच थांबले. "काहून वं, घरातले पुरुष मेले का?"

कुसुम सासऱ्यासमोर कधी मान वर करून बोलत नसे. त्या दिवशी ती मागावरून उठली नाही. "मामाजी, हात लावून पाहा," ती म्हणाली.

बाबांनी अंगठा फिरवला. माझं विरळ कापड जिथे संपत होतं तिथून पुढे तिचं सुरू होत होतं, पापडासारखं घट्ट. त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला.

"मागाले काही झालं नाही," कुसुम म्हणाली. "झालं ते ह्यांले झालं." आणि रडायला लागली.

बाबांनी तरी दोन दिवस ताणलं. ऊन आहे, उतरेल, दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही, वगैरे. त्या दोन दिवसांत घरात सासरा-सून एकमेकांशी बोलले नाहीत. दोघंही बोलायचे माझ्याशी, आणि मी अर्धवट झोपेत. तिसऱ्या सकाळी माझ्या डाव्या हातातून चहाची बशी पडली. कुसुमनं फुटके तुकडे गोळा केले नाहीत. ती चौकात गेली आणि रिक्षा घेऊन आली.

थाळी धरल्यासारखे हात

मोठ्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं मला बसवलं. "डोळे मिटा, आणि दोन्ही हात पुढे करा. थाळी धरल्यासारखे." मी धरले. मला दोन्ही हात अगदी सारखे वाटत होते. मनात म्हटलं, बघा, काही नाही झालेलं.

"आता उघडा डोळे."

उजवा हात होता तिथेच होता. डावा खाली मांडीपर्यंत आला होता आणि पालथा झाला होता. मला पत्ताच नाही! आयुष्यात खूप मार खाल्ला, पण त्या एका क्षणाइतका मी कधी घाबरलो नाही. आपलाच हात आपल्याला न सांगता निघून जातो, ही कल्पनाच माणसाला कधी केलेली नसते. मी कुसुमकडे बघितलं. तिनं हात निसटताना पहिल्यापासून बघितला होता.

"काम काय करता?" डॉक्टरनं विचारलं.

"माग."

"आणखी?"

"बॉक्सिंग."

त्यानं माझं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं. मग माझ्या डोक्याला कधी लागलं, कुणी मारलं, किती मारलं, सगळं विचारून घेतलं. मानेतून औषध सोडून डोक्याचा फोटो काढला. औषध गेलं तेव्हा डोळ्याच्या मागे गरम पाणी ओतल्यासारखं वाटलं. नंतर त्यानं कुसुमला आणि बाबांना साध्या शब्दांत सांगितलं: उजव्या बाजूला मेंदूच्या वर रक्त साचलंय, हळूहळू, कित्येक आठवड्यांपासून, आणि ते मेंदूला दाबतंय, म्हणून डावा हात जातोय. भोक पाडून काढावं लागेल. उशीर केला तर हातच नाही, माणूसही जाईल.

"हात परत येईल का?" बाबांनी विचारलं.

"बहुतेक. पण लिहून देता येणार नाही."

बाबा विणकर. "बहुतेक" या शब्दावर ते तीन दिवस काढू शकले असते. पण कुसुमनं अंगठा पुढे केला होता, सहीला. तिला लिहिता येत नव्हतं.

टक्कल

न्हाव्यानं माझं डोकं पूर्ण भादरलं. बाबा दारातून आत आले आणि थबकले. आमच्यात मुलगा टक्कल करतो तो बाप गेल्यावर. मग म्हणाले, "म्या अजून जिता आहो ना गा." आणि हसले. हसता हसता तोंड फिरवून व्हरांड्यात गेले. मी त्यांना रडताना तोपर्यंत कधी बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही पाठच दिसली.

शस्त्रक्रियेत मी जागा होतो. डोक्याचा तेवढा भाग बधिर केला, बाकी सगळं ऐकू येत होतं. सुतार गिरमिट फिरवतो तसा आवाज, फक्त लाकूड म्हणजे आपण. मला आमचा माग खोलणारा सुतार आठवला आणि वाटलं, आता बरोबर ठिकाणी आला. मग काहीतरी सुटल्यासारखं झालं. कुणीतरी म्हणालं, "आलं, आलं." आणि डोकं हलकं झालं. इतकं हलकं, की इतके दिवस किती जड होतं ते तेव्हा कळलं.

डॉक्टरनं माझ्या डाव्या हातात आपली दोन बोटं दिली. "दाबा."

मी दाबली. कशीबशी, पण दाबली.

"चला," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून समजलं की त्यालाही भीती होती.

वॉर्डातले दिवस

दवाखान्याचं एक वेळापत्रक असतं आणि रोगी त्यात पटकन मुरतो. पहाटे झाडू, मग थर्मामीटर, मग पातळ चहा, मग मोठे डॉक्टर येणार म्हणून धावपळ, मग ते न येणं. कुसुम माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपायची. बाजूच्या खाटेवर झाडावरून पडलेले एक आजोबा होते, त्यांची सून तिला रोज आपल्या डब्यातली वरणफळं द्यायची. "पोटातल्याले लागते बाई, खाय." त्या बाईचं नावही मला माहीत नाही, पण तिचे उपकार आहेत.

शुद्ध नीट आहे का हे बघायला सिस्टर सारखी विचारायची, नाव काय, गाव कोणतं. एकदा मला चेष्टा सुचली. "नाव काय?" "कुसुम." सिस्टर धावत डॉक्टरला बोलवायला गेली. डॉक्टर, दोन वॉर्डबॉय, सगळे पळत आले. खरं सांगितल्यावर जी बोलणी खाल्ली, ती गणपतच्या गुद्द्यांपेक्षा भारी होती. पण डॉक्टर जाताना हसत होता. चेष्टा सुचते म्हणजे मेंदू ठीक आहे, म्हणाला.

भेटायच्या वेळेला एकदा तिघे एकदम आले: उस्ताद, मास्तर आणि गणपत. माझ्या खाटेभोवती खटला उभा राहिला. मास्तर सावधान उभे राहून म्हणाले, "दस्ताने पहनता था ना तू? फिर कैसे हुआ? ये उस तंबूवाले का काम है. खुला हात, ऊपर से पटक दिया." उस्तादांचं म्हणणं, आपटण्यानं काही होत नाही, मातीत माणूस रोज आपटतो, हे ठोशांनी झालं, हातमोज्यातल्या. गणपत तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. शेवटी म्हणाला, "म्या मारलं. दोन्ही इथंच मारले होते." आणि माझ्या पट्टीकडे बोट केलं. तेव्हापासून तो धड जेवला नव्हता, हे मामीनं नंतर सांगितलं.

तेवढ्यात डॉक्टर आला. मी म्हटलं, यांचा निकाल लावा.

त्यानं तिघांचं ऐकून घेतलं. "नेमकं कशानं ते मी सांगू शकत नाही," तो म्हणाला. "पण एक सांगतो. हातमोजा मुठीला वाचवतो, डोक्याला नाही." मग माझ्याकडे वळला. "उघड्या हातानं किती ठोसे मारलेत?"

"एकच. मग बोट दुखलं."

"आणि हातमोजे घालून रोज किती खाता?"

ते कुणी मोजलं होतं? गणपतचे दोन गुद्दे अख्ख्या मैदानानं बघितले, म्हणून ते मोजले गेले. गोदामातले रोजचे ठोसे हा सराव होता.

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. ते चांगले गुरू होते. त्यांनी जे शिकवलं ते खरं मानूनच शिकवलं होतं. त्यानंतर पोरांच्या डोक्यावर ठोसा मारायला त्यांनी गोदामात मनाई केली असं मी ऐकलं. गणपत मात्र पिशवी माझ्या खाटेवर ठेवून उठला, बाहेर गेला आणि व्हरांड्यात बसून कुसुमच्या डब्यातलं सगळं जेवून आला. त्या दिवशी कुसुम उपाशी राहिली, पण फार खूश होती.

तर टपरीवरच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. उघड्या मुठीत मारणाऱ्याची मूठ फुटते, त्यामुळे तो जपून मारतो. हातमोज्यात मूठ शाबूत राहते, म्हणून डोक्यावर बिनघोर मारता येतं. मिसळ लढतीत गादी थोपटून सुटायची सोय आहे, पण पडताना डोकं कुठे लागेल याचा नेम नाही. कुठलीही खेळा, डोकं दुखलं तर उन्हावर ढकलू नका.

घरी

घरी आलो तेव्हा हात माझ्या ताब्यात होता, पण थकायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, डोक्याला मार लागेल असं काही आयुष्यात करायचं नाही. मला वाईट वाटेल असं सगळ्यांना वाटत होतं. खरं तर वाटली सुटका. मी जिवंत होतो. ठोसे खाण्याची हौस फिटली होती.

मागावर मात्र लगेच बसायची छाती होत नव्हती. कुसुमचे दिवस भरत आले, ती माहेरी गेली आणि मुलगी झाली. परत आली तेव्हा नागपूरचे डास पूर्ण जोरात होते. त्या दिवशी दुपारी मी हिंमत केली. दोरी ओढली, हत्या ओढला. बाबा पलीकडे त्यांच्या मागावर काम थांबवून बसले. ऐकत होते. ठक. ठक. ठक. हात दुखला, पण ठोका बसत होता.

बाबा उठले, येऊन अंगठा फिरवला. देवघरातून हळद-कुंकू आणलं, मागाला लावलं आणि हात जोडले. "माफ कर बापा. तुले उगाच शिव्या देल्या." मग कुसुमकडे न बघता म्हणाले, "अन् आणखी कोणाले म्या उगाच बोललो असन, तर त्यानंही लावून घ्यावं."

कुसुमनं स्वतःला कुंकू लावून घेतलं.

मग बाबांनी कोपऱ्यातली घडी उचलली. शेठनं परत पाठवलेलं ते माझं लुगडं. मला वाटलं, आता फाडणार. त्यांनी ते उलगडलं, पाळण्यावर चारी बाजूंनी सोडलं आणि खाली खोचलं. शेठ बरोबर बोलला होता, मच्छरदानी म्हणून ते उत्तम होतं. मी पाळण्याची दोरी डाव्या हातात घेतली आणि ओढली.

बाबा कापडाजवळ तोंड नेऊन आत बघत उभे राहिले. चाळीस वर्षं विरळ कापडाला शिव्या देणारा माणूस.

"बरं झालं गा विरळ निघालं," ते म्हणाले. "पोरीचं तोंड दिसून राहिलं."